पॅनेलचे स्किमॅटिक आणि यंत्राचे थ्री-डी मॉडेल: दोन्हींची माहिती एकमेकांशी कशी जोडावी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे परिसरातील यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांत कामाची विभागणी बहुधा ठरलेली असते. यंत्राची फ्रेम, सिलिंडर, तेलाची टाकी आणि पाइपिंग यांचे थ्री-डी मॉडेल एका टेबलावर तयार होते, मोटर, व्हॉल्व्ह आणि सेन्सर यांचे स्किमॅटिक, म्हणजे विद्युत जोडणीची आकृती, दुसऱ्या टेबलावर, आणि पॅनेल, म्हणजे विद्युत नियंत्रणाची पेटी, पुष्कळदा तिसऱ्याच ठिकाणी, कधी थेट कोल्हापूरजवळच्या शिरोलीत बांधले जाते. या तिघांमध्ये माहिती फिरते ती एक्सेलच्या यादीतून, फोनवरून आणि छापील ड्रॉइंगवर पेनाने केलेल्या खुणांतून. जॉब लहान असेल तर हे निभावते; पण वायरांची संख्या दोनशेच्या पुढे गेली की प्रत्येक बदल तीन ठिकाणी हाताने उतरवताना कुठेतरी एक ठिकाण सुटतेच.

काही वर्षांपूर्वी मी एका हायड्रॉलिक प्रेसच्या जॉबवर काम करत असताना, देखभालीला जागा मिळावी म्हणून मॉडेलमध्ये पॅनेल डाव्या खांबावरून उजव्या खांबावर नेण्यात आले. बदल योग्यच होता, परंतु तो स्किमॅटिक करणाऱ्यांपर्यंत पोचला नाही, आणि जुन्या लांबीने कापलेल्या सोलेनॉइडच्या (व्हॉल्व्ह चालवणारी विद्युत कॉइल) व लिमिट स्विचच्या केबली पॅनेलपर्यंत पुरेनात. शेवटी मध्ये एक जंक्शन बॉक्स बसवावा लागला, जो कोणत्याच ड्रॉइंगमध्ये नव्हता. यंत्र चालू झाले; पण पुढे कधी बिघाड शोधायला बसलेल्या माणसाला तो बॉक्स कागदावर सापडणार नाही, ही रुखरुख मला आजही आहे. हा लेख त्या अनुभवातूनच लिहिला आहे.

जोडायचे नेमके काय असते

दोन सॉफ्टवेअर जोडायची म्हणजे एकातले चित्र दुसऱ्यात न्यायचे, अशी समजूत सर्रास आढळते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्किमॅटिक वस्तूंची मांडणी कार्यानुसार करते, तर यांत्रिक मॉडेल ती आकारानुसार करते. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरसारखा भार चालू-बंद करणारा चुंबकीय स्विच; एकाच कॉन्टॅक्टरची कॉइल स्किमॅटिकच्या सातव्या पानावर असते, मुख्य संपर्क दुसऱ्या पानावर आणि साहाय्यक संपर्क नवव्या पानावर. मॉडेलमध्ये मात्र तो डिन रेलवर (उपकरणे अडकवायची धातूची पट्टी) बसलेला एकच ठोकळा असतो. याच्या उलट, स्किमॅटिकमध्ये ‘एक्स१’ या एका नावाखाली येणारी टर्मिनलची पट्टी मॉडेलमध्ये चाळीस स्वतंत्र तुकड्यांची असू शकते. रेल, डक्ट (वायरी घालायची पन्हळ), एंड स्टॉपर आणि ग्लँड प्लेट (केबली आत घेण्याची पट्टी) यांना तर स्किमॅटिकमध्ये चिन्हच नसते.

म्हणून जोडायची असते ती ओळख. ही वस्तू कोणती, तिला किती पिना (वायर जोडायचे बिंदू) आहेत, कोणत्या पिनेतून निघालेली वायर कुठे जाते, ती किती जाड व कोणत्या रंगाची आहे, आणि ती वस्तू यंत्रावर कोठे बसते, एवढ्या गोष्टी दोन्हीकडे एकसारख्या असतील तर चित्रे कितीही वेगळी दिसली तरी जोडणी टिकते.

पहिली पायरी: टॅग ठरवणे

सॉफ्टवेअर उघडण्याआधी टॅगची, म्हणजे प्रत्येक वस्तूला द्यायच्या ओळखनावाची, पद्धत कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी मान्य करावी. आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकात टॅगचे तीन भाग असतात: बरोबरच्या चिन्हानंतर कार्य, अधिकच्या चिन्हानंतर स्थान आणि उणेच्या चिन्हानंतर वस्तू. ‘=एच१+पी१-के३’ याचा अर्थ हायड्रॉलिक विभागाच्या कामासाठी, मुख्य पॅनेलमध्ये बसलेला, तिसरा कॉन्टॅक्टर. या मानकाच्या अक्षरांनुसार शक्तिपरिपथाचा (पॉवर सर्किटचा) कॉन्टॅक्टर खरे तर ‘क्यू’ अक्षराखाली येतो आणि नियंत्रणाचा रिले ‘के’ खाली. आपल्याकडे दोघांनाही ‘के’ म्हणण्याची सवय आहे. ग्राहकाने मानक बंधनकारक केले नसेल तर दोन्हींपैकी काहीही चालेल, परंतु एका प्रकल्पात एकच पद्धत असावी.

स्थानाचा भाग विशेष काळजीने ठरवावा, कारण यांत्रिक बाजूला खरा उपयोग त्याचाच होतो. मुख्य पॅनेल, ऑपरेटरचा डेस्क, पॉवर पॅक आणि प्रेसची फ्रेम ही चार स्थाने असतील तर मॉडेलमध्येही त्याच नावांच्या चार उपजोडण्या (सब-असेंब्ली) ठेवाव्यात. असे केले की मोटर कोणत्या उपजोडणीत शोधायची हा प्रश्नच उरत नाही.

टॅग कसा तयार होतो याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग अनुक्रमाने देता येतो किंवा चिन्ह ज्या पानावर आणि ज्या ओळीवर आहे त्यावरून देता येतो. दुसरी पद्धत वाचायला सोयीची आहे, कारण टॅग पाहताच पान कळते. परंतु चिन्ह दुसऱ्या ओळीवर हलवून टॅग नव्याने पाडले की वस्तूचे नावच बदलते, आणि यांत्रिक मॉडेल त्या जुन्या नावाला धरून बसलेले असते. जोडणी करायची असेल तर टॅग अनुक्रमाने द्यावेत, आणि पहिल्यांदा माहिती यांत्रिक बाजूला जाण्याआधी ते ‘फिक्स्ड’ करून ठेवावेत, म्हणजे नंतर कोणी संपूर्ण प्रकल्पाचे टॅग पुन्हा पाडले तरी ते बदलणार नाहीत.

सीमाभागात टॅगचा आणखी एक उपयोग आहे. आमच्या एका पॅनेलवर काम करणारे वायरमन बैलहोंगलचे, फिटर खानापूरचे आणि ते यंत्र चालवणारे ऑपरेटर अथणीचे होते. कोणी कन्नड बोलणारे, कोणी मराठी, बहुतेकांना दोन्ही भाषा थोड्याफार समजणाऱ्या. ‘पंप चालू करणारा कॉन्टॅक्टर’ हे वर्णन भाषेनुसार बदलते, पण फेरूलवरचा (वायरच्या टोकावरची छापील नळी) ‘के३’ सगळेच एकसारखा वाचतात. वर्णने कन्नड आणि मराठीत द्यायची असतील तर ती वर्णनाच्या वेगळ्या रकान्यांत द्यावीत, टॅगमध्ये कधीही मिसळू नयेत. वर्णने युनिकोडमध्येच टाइप करावीत, कारण नुडी किंवा श्रीलिपी यांच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की निरर्थक अक्षरांची रांग होतो.

दुसरी पायरी: कोणती माहिती कोणाची

एकाच माहितीचे दोन मालक असले की दोघेही ती बदलतात. टॅग, पिनांची नावे, वायरचे क्रमांक, वायरचा काटछेद व रंग आणि केबलचा प्रकार ही माहिती विद्युत बाजूची. वस्तूची जागा, वायरचा मार्ग, लांबी, वळण आणि ग्लँडची जागा ही यांत्रिक बाजूची. दुसऱ्या बाजूने ही माहिती फक्त वाचावी आणि चूक दिसली तर मालकाला कळवावी. स्वतः दुरुस्त करू नये.

कॅटलॉग क्रमांकावर मात्र दोन्ही बाजू हक्क सांगतात. विद्युत बाजू कॉन्टॅक्टर त्याच्या क्षमतेनुसार निवडते, यांत्रिक बाजूला तो जागेत बसतो की नाही हे पाहावे लागते, आणि खरेदी विभाग ऐनवेळी दुसऱ्या बनावटीचा माल घेऊन येतो. माझ्या मते हा क्रमांक विद्युत बाजूकडेच असावा आणि खरेदीतला प्रत्येक पर्याय आधी स्किमॅटिकमध्ये नोंदवूनच मॉडेलमध्ये जावा. कॅटलॉग क्रमांकाच्या रकान्याशेजारी उष्णतेचाही रकाना ठेवावा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) साधारणपणे आपल्या शक्तीच्या सुमारे ३ टक्के उष्णता बाहेर टाकते, म्हणजे ७.५ किलोवॅटच्या व्हीएफडीची सुमारे २२५ वॅट. हा आकडा यांत्रिक बाजूला वेळेवर मिळाला नाही तर पंख्यासाठी झरोका पत्रा कापून झाल्यावर आठवतो.

वायरच्या रंगाबद्दलही आधीच ठरवावे. आपल्याकडील सवयीनुसार तीन फेज लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रल काळा असतो. आयईसी ६०२०४-१ नुसार यंत्रावरील शक्तिपरिपथ काळा, एसी नियंत्रण लाल, डीसी नियंत्रण निळे आणि न्यूट्रल फिकट निळा असतो. निर्यातीच्या यंत्रात हे दोन संकेत मिसळले तर वायरच्या लायब्ररीत एकाच नावाखाली दोन वेगळ्या वायरी तयार होतात आणि आयात करताना कोणती घ्यायची हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

तिसरी पायरी: पार्ट आणि पिना

यांत्रिक बाजूला पुरवठादाराची स्टेप फाइल (थ्री-डी आकाराची सर्वसाधारण फाइल) मिळते, परंतु त्या फाइलमध्ये केवळ आकार असतो, विद्युत अर्थ नसतो. तो अर्थ स्वतः भरावा लागतो. इन्व्हेंटर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये पार्टला विद्युत पार्ट म्हणून नोंदवून त्यावर पिना ठेवता येतात. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकलमध्ये त्याच कामासाठी जोडबिंदू देता येतात. पिनांची नावे स्किमॅटिकमधील नावांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. कॉन्टॅक्टरची कॉइल ‘ए१’ व ‘ए२’, मुख्य संपर्क ‘१-२’, ‘३-४’, ‘५-६’, साहाय्यक उघडा संपर्क ‘१३-१४’, बंद संपर्क ‘२१-२२’, हे अंकन वस्तूवर छापलेले असते, तेच घ्यावे. एका बाजूने मुख्य संपर्कांना ‘एल१-टी१’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘१-२’ लिहिले, तर वस्तू जुळते पण वायर लागत नाही, आणि अशी चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

सगळ्या पार्टवर पिना ठेवत बसू नये. ज्या वस्तूंमधून वायर जाते आणि ज्यांची लांबी खरोखर हवी आहे, त्यांच्यावरच हे कष्ट घ्यावेत. जे पार्ट प्रत्येक जॉबमध्ये येतात, त्यांची एक सामाईक लायब्ररी करून ती एका माणसाच्या ताब्यात ठेवावी. पुरवठादाराच्या स्टेप फाइलमधील आतले स्क्रू आणि स्प्रिंग काढून टाकले तर पूर्ण पॅनेलचे मॉडेल साध्या संगणकावरही उघडते.

चौथी पायरी: मार्ग निवडणे

व्यवहारात तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दोन्ही कामे एकाच माहितीसाठ्यावर करणे. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकलमध्ये स्किमॅटिक आणि थ्री-डी एकच एसक्यूएल माहितीसाठा वापरतात, त्यामुळे इकडे बदललेला टॅग तिकडे लगेच दिसतो. ईप्लॅनमध्ये प्रो पॅनेल हे स्किमॅटिकच्याच प्रकल्पावर पॅनेलची थ्री-डी मांडणी करते. दुसरा म्हणजे दोन स्वतंत्र सॉफ्टवेअरमधील दुवा: ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचा प्रकल्प आणि इन्व्हेंटरची असेंब्ली इलेक्ट्रोमेकॅनिकल दुव्याने जोडली की दोन्हीकडे स्थानानुसार वस्तूंची तीच यादी दिसते आणि कोणती वस्तू जुळली, कोणती एकाच बाजूला आहे, हे कळते. तिसरा मार्ग फाइलचा: स्किमॅटिकमधून वायरींची यादी एक्सएमएल किंवा सीएसव्ही स्वरूपात काढून यांत्रिक सॉफ्टवेअरमध्ये आयात करणे.

पॅनेल बांधणारा भागीदार शंभर किलोमीटरहून अधिक दूर असेल आणि त्याच्याकडे वेगळेच सॉफ्टवेअर असेल, तर तिसऱ्या मार्गाला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही. एकाच कार्यालयात बसलेल्या दोन माणसांसाठी मात्र मी वरचा दुसरा, म्हणजे दुव्याचा, मार्ग सुचवेन. दुव्यासाठी दोन्ही सॉफ्टवेअर शक्यतो एकाच वर्षाच्या आवृत्तीची असावीत, आणि प्रकल्पाचे फोल्डर दोन्ही संगणकांवर एकाच मार्गाने दिसले पाहिजे. एका संगणकावर ते ‘झेड’ ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर ‘डी’ ड्राइव्ह असेल तर दुवा आज जुळेल आणि उद्या फाइल सापडत नाही असे सांगेल.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) वापरताना एक सवय लावून घ्यावी: ती फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने कधीही उघडू नये. एक्सेल ‘१-२’ या पिनेची तारीख करून टाकते, ‘००७’ या वायर क्रमांकातील शून्ये पुसते, आणि बरोबर, अधिक किंवा उणे या चिन्हाने सुरू होणारा टॅग सूत्र समजून त्याच्या जागी चूक दाखवते. फाइल पाहायचीच असेल तर एक्सेलमध्ये मजकूर आयात करण्याच्या पद्धतीने, सर्व रकान्यांचा प्रकार ‘मजकूर’ ठेवून आणि यूटीएफ-८ निवडून उघडावी. वर्णनात स्वल्पविराम असेल तर पुढचे सगळे रकाने एकेक जागा सरकू शकतात, म्हणून वर्णनात स्वल्पविराम नसावा.

पाचवी पायरी: छोटी चाचणी

संपूर्ण प्रकल्प एकदम जोडण्याचा मोह टाळावा. एक कॉन्टॅक्टर, एक टर्मिनल पट्टी, पंपाची मोटर आणि त्यांच्यातील चार वायरी एवढाच एक छोटा प्रकल्प तयार करावा. स्किमॅटिकमध्ये टॅग द्यावेत, दुवा जोडावा किंवा यादी आयात करावी, मॉडेलमधील प्रत्येक वस्तूला तिचा टॅग नेमून द्यावा आणि चारही वायरी योग्य पिनांवर लागल्या की नाही हे डोळ्यांनी पाहावे. मग मुद्दाम एक टॅग बदलावा, एक वायर काढून टाकावी आणि एक वस्तू नव्याने घालावी, आणि तिन्ही बदल दुसऱ्या बाजूला कसे दिसतात ते टिपून ठेवावे. अर्ध्या दिवसाच्या या कामात सॉफ्टवेअरची बहुतेक वागणूक कळते.

खऱ्या प्रकल्पात जुळणी करताना ‘फक्त विद्युत बाजूला’ आणि ‘फक्त यांत्रिक बाजूला’ या दोन याद्या रिकाम्या होईपर्यंत पुढे जाऊ नये. उरलेल्या नोंदी बहुधा तीनच कारणांच्या असतात: शून्याच्या जागी ‘ओ’ अक्षर, शेवटी राहिलेली मोकळी जागा, किंवा एका बाजूला टॅगमध्ये स्थानाचा भाग आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

सहावी पायरी: वायरचा मार्ग आणि लांबी

सगळ्या मेहनतीचा खरा मोबदला इथे मिळतो, म्हणून घाई करू नये. आधी डक्ट आणि केबल ट्रे यांच्यामधून मार्गरेषा आखाव्यात. सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकलमध्ये यासाठी ‘ईडब्ल्यू_पाथ’ या नावाचे स्केच लागते, इन्व्हेंटरमध्ये हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) खंड आखावे लागतात. शक्तीच्या वायरी आणि सेन्सरच्या वायरी यांचे मार्ग सुरुवातीलाच वेगळे ठेवावेत, विशेषतः व्हीएफडीपासून मोटरकडे जाणारी केबल. वळणाची किमान त्रिज्या केबलच्या कॅटलॉगमधून घेऊन मार्गात भरावी; हलत्या भागावरच्या केबलसाठी हा आकडा स्थिर केबलपेक्षा मोठा असतो.

दारावर बसणारी पुशबटणे, दिवे आणि मीटर यांच्या वायरींचा मार्ग पॅनेलचे दार पूर्ण उघडे ठेवून आखावा. दार बंद असताना घेतलेली लांबी कागदावर छान दिसते आणि पहिल्यांदा दार उघडताच वायर ताणली जाते.

सॉफ्टवेअर जी लांबी देते ती मार्गाच्या मध्यरेषेची असते. तिला सरसकट दहा-वीस टक्के जोडण्याची पद्धत मला पटत नाही, कारण लहान वायरीला ते अपुरे पडतात आणि लांब केबलला वाया जातात. टोकांसाठी लागणारी लांबी मोजूनच मिळवावी. समजा सोलेनॉइडच्या केबलचा फ्रेमवरचा मार्ग ५.२ मीटर आहे, पॅनेलच्या ग्लँडपासून टर्मिनलपर्यंत ०.९ मीटर लागतात आणि व्हॉल्व्हजवळ कनेक्टर काढता यावा म्हणून ०.३ मीटरचा लूप ठेवायचा आहे. तर केबल ६.४ मीटर कापावी. मार्ग मॉडेलमधून येतो आणि उरलेले दोन आकडे एकदा ठरवले की त्या स्थानाच्या सगळ्या केबलींना लागू होतात. डक्टचा भरावही याच वेळी तपासावा. मी साठ टक्क्यांच्या वर भरू देत नाही, कारण पुढे एखादा सेन्सर वाढवायचा झाला तर जागा उरली पाहिजे.

सातवी पायरी: बदल सांभाळणे

जोडणी झाल्यावर स्किमॅटिकमधील वस्तू पुसून नव्याने ठेवण्याऐवजी आहे तीच संपादित करावी. दिसायला दोन्ही सारखेच, परंतु सॉफ्टवेअर पुष्कळदा वस्तूला आतल्या ओळखक्रमांकाने ओळखते. पुसून ठेवलेली वस्तू त्याच टॅगची असली तरी त्याच्या दृष्टीने नवी असते आणि मॉडेलमधील नेमणूक सुटते. वस्तूची बनावट बदलायची असेल तर चिन्ह तसेच ठेवून कॅटलॉग क्रमांक बदलावा.

समक्रमण, म्हणजे दोन्ही बाजूंची माहिती जुळवून घेणे, कधी करायचे हेही ठरलेले असावे. दिवसातून एकदा, दोन्ही बाजूंच्या फाइली जतन करून, एका माणसाने समक्रमण करावे आणि त्याआधी प्रकल्पाच्या फोल्डरची तारीख घातलेली प्रत काढावी. समक्रमण चालू असताना वीज गेली तर दुव्याची फाइल अर्धवट राहू शकते, म्हणून ज्या संगणकावर ते होते त्याला यूपीएस असणे आवश्यक आहे. पत्रा कापायला किंवा केबल कापायला यादी गेली की त्याच दिवशी रिव्हिजन गोठवावी. त्यानंतरचा प्रत्येक बदल नव्या रिव्हिजन अक्षराखाली जावा, आणि कारखान्यात गेलेल्या यादीवर ते अक्षर छापलेले असावे.

वायरमनच्या हातात जाणाऱ्या यादीत वायरचा क्रमांक, दोन्ही टोकांचे टॅग व पिना, काटछेद, रंग, लांबी आणि फेरूलवरचा मजकूर एवढेच असावे. काम संपल्यावर तीच यादी परत मागवावी. ज्या वायरी प्रत्यक्षात लांब किंवा आखूड निघाल्या, त्यांच्यापुढे वायरमनने लिहिलेले आकडे यांत्रिक बाजूने मार्गरेषांशी आणि टोकांसाठी धरलेल्या आकड्यांशी पडताळून पाहावेत, आणि फरक ज्या स्थानात सारखा दिसेल, त्या स्थानाचा आकडा पुढचा जॉब सुरू होण्याआधी लायब्ररीत दुरुस्त करावा.